ज्यूस हीटरचा लूप का हेलकावतो, आणि इथलं शिकलेलं ड्रोन-पवनचक्कीला किती पुरतं

प्रश्न विचारणारे इलेक्ट्रिकलचे पदवीधर आहेत, कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत काम करतात. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात रसाच्या दुसऱ्या तापवणीचा, म्हणजे ज्यूस हीटरचा, तापमान लूप (तापमान मोजून वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप कमी-जास्त करणारी साखळी) त्यांच्याकडे आला आहे. ऑटोमध्ये टाकला की तापमान सेटपॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाच्या, ३-४ अंश वर आणि तितकंच खाली हेलकावत राहतं. ऑटोट्यून, म्हणजे कंट्रोलरने स्वतःचे आकडे स्वतःच काढणं, करून झालं. गेन, म्हणजे चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो ते, निम्म्यावर आणला तेव्हा हेलकावे संथ झाले, पण लहान झाले नाहीत. मॅन्युअलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह हाताने ठरवून, ठेवलं की तापमान अंशभराच्या आत राहतं, म्हणून शिफ्टचे ऑपरेटर ऑटोला हातच लावत नाहीत. आता त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. पीआयडी (चूक, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवरून उत्तर देणारा नेहमीचा कंट्रोलर) सोडून फझी (अंदाजी नियमांवर चालणारं), एमपीसी (यंत्राच्या गणिती मॉडेलवरून पुढचं भाकीत करणारं) किंवा एआयकडे जावं का? आणि पुढे ड्रोन किंवा पवन-सौर ऊर्जेत जायचं ठरवलं तर हे कारखान्यातलं शिकणं उपयोगी पडेल, की सगळं पहिल्यापासून?

मी सुरुवात साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात केली, नंतर सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांवर काम केलं, आणि आता सौरपंपांचे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) आणि फवारणीचे ड्रोन यांचं ट्यूनिंग करतो. त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर लिहू शकतो. पहिल्यावर जास्त लिहिणार आहे, कारण दुसऱ्याचं बरंचसं उत्तर त्यातच येतं.

आधी एक सांगतो: तुमच्या प्रश्नातच निदान लपलेलं आहे. मॅन्युअलमध्ये तापमान स्थिर राहतं, याचा अर्थ हेलकावा बाहेरून येत नाही, लूपच तो तयार करतोय. मॅन्युअलमध्येही तो तसाच राहिला असता तर कंट्रोलर सोडून रसाचा प्रवाह किंवा व्हेपरचा, म्हणजे रस तापवणाऱ्या वाफेचा, दाब तपासा असं म्हटलं असतं. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची. लूप केवळ जास्त तिखट ट्यून झाला असेल, तर गेन निम्मा केल्यावर हेलकावे विरायला हवेत. ते विरले नाहीत, फक्त संथ झाले. उंची तीच आणि वेग कमी, हे लक्षण मला दिसलं की मी लॅपटॉप बंद करतो आणि व्हॉल्व्हकडे जातो.

व्हॉल्व्ह चिकटत असणार. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा: ढकलत राहतो, हलत नाही, जोर वाढवतो आणि मग ते एकदम हवं त्यापेक्षा जास्त उघडतं. कंट्रोलरमधला इंटिग्रल भाग, म्हणजे चूक साठवत जाणारा भाग, नेमकं हेच करतो. तापमान अर्धा अंश कमी आहे म्हणून आउटपुट, म्हणजे व्हॉल्व्हला जाणारा आदेश, हळूहळू वाढवत नेतो, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, आउटपुट आणखी वाढतं, आणि मग व्हॉल्व्ह एकदम ३ टक्के उघडतो. तापमान सेटपॉइंट ओलांडून वर जातं. आता उलट्या दिशेने तीच कथा. गेन कमी केला तर तेवढं अंतर चढायला आउटपुटला वेळ जास्त लागतो, उडी मात्र तेवढीच राहते. ट्रेंडवर, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या आलेखावर, हे ओळखू येतं: आउटपुटची रेघ त्रिकोणी, करवतीच्या दात्यांसारखी, आणि व्हॉल्व्हची खरी जागा पायऱ्यापायऱ्यांची. तापमान मात्र गोलसर लाटांसारखं दिसतं, कारण हीटर त्या पायऱ्या गुळगुळीत करून टाकतो. म्हणूनच फक्त तापमानाचा ट्रेंड बघणारा फसतो.

खात्री कशी करायची ते सविस्तर सांगतो. व्हेपरची लाइन मोठी असल्यामुळे तिथे बहुतेक वेळा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपमध्ये फिरणाऱ्या तबकडीचा, असतो. त्याचा पूर्ण फेरा ९० अंशांचा, म्हणजे १ टक्का हालचाल म्हणजे ०.९ अंश, जी डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंगच्या सळईचा फूटभर तुकडा शाफ्टला क्लॅम्पने घट्ट बसवा. आता १ टक्क्याला त्या सळईचं टोक जवळजवळ अर्धा सेंटिमीटर सरकेल. टोकामागे आलेख-कागदाची पट्टी चिकटवा. शिफ्ट इनचार्जना सांगून, गाळप स्थिर असताना लूप मॅन्युअलमध्ये घ्या आणि एका माणसाला कंट्रोल रूममध्ये बसवून आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवायला सांगा. प्रत्येक पायरीनंतर अर्धा मिनिट थांबा. टोक पहिल्यांदा केव्हा हललं ते लिहा. चार-पाच पायऱ्या वर गेलात की तशाच खाली या आणि उलट दिशेला टोक केव्हा हललं तेही लिहा. दिशा बदलल्यावर जेवढे टक्के वाया गेले तो तुमचा चिकटपणा आणि ढिलेपणा मिळून झालेला पट्टा. १ टक्क्याच्या आत असेल तर व्हॉल्व्ह चांगला आहे. ३ टक्क्यांच्या पुढे असेल तर कोणतंही ट्यूनिंग तो लूप शांत करणार नाही, हे लिहून घ्या.

सळई शाफ्टलाच बांधा, ॲक्च्युएटरच्या (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) हाताला नको. पोझिशनर, म्हणजे व्हॉल्व्हला सांगितलेल्या जागी नेणारं उपकरण, आपला फीडबॅक सहसा ॲक्च्युएटरवरून घेतो. शाफ्ट आणि ॲक्च्युएटर यांच्यामधली चावी झिजलेली असली तर पोझिशनर म्हणतो हललं, स्क्रीन म्हणते हललं, आणि आतली तबकडी तिथेच असते.

कारणं बहुतेक साधी निघतात. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो तिथल्या सीलमधून, वाफ गळते म्हणून फिटर ग्लँड आवळत जातो आणि पॅकिंग शाफ्टला धरून बसतं. इन्स्ट्रुमेंट एअरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दाबाच्या हवेत, पाणी असतं, पोझिशनरचा फिल्टर चोंदलेला असतो. किंवा व्हॉल्व्हच गरजेपेक्षा मोठा बसवलेला असतो आणि तो कायम १०-१५ टक्क्यांवर, सीटला घासत काम करतो. शेवटचं कारण असेल तर ते ऑफ सीझनशिवाय सुटणार नाही, पण पहिली दोन हंगामातही सुटतात. स्वच्छतेसाठी हीटर पाळीपाळीने बंद होतातच, त्या वेळेत व्हॉल्व्ह मोकळा करून घ्या. तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून कंट्रोलरला अर्ध्या-पाऊण अंशाचा डेडबँड द्या, म्हणजे तेवढ्या चुकीकडे तो दुर्लक्ष करेल. तापमान सेटपॉइंटपासून थोडं बाजूला बसेल, पण व्हॉल्व्हची उडी फार मोठी नसेल तर हेलकावणार नाही, आणि ऑपरेटर लूप ऑटोमध्ये ठेवतील.

हा लूप इतका महत्त्वाचा का, हेही मनात असू द्या, कारण त्यावरून किती अचूकता हवी ते ठरतं. दुसऱ्या तापवणीत रस १०० ते १०३ अंशांवर न्यायचा असतो, म्हणजे फ्लॅश टँकमध्ये तो उकळून अडकलेली हवा निघून जाते. तापमान कमी पडलं तर हवेचे बुडबुडे गाळाला चिकटून त्याला तरंगवतात. तापमान वर-खाली होत राहिलं तर क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीत, कमी-जास्त तापलेल्या रसाचे प्रवाह फिरायला लागतात आणि बसलेला गाळ पुन्हा वर येतो. उगाच जास्त तापवला तर रंग चढतो, साखर मोडते. म्हणून इथे सरासरी बरोबर असून भागत नाही, स्थिर असणं हेच मुख्य.

व्हॉल्व्ह नीट झाला की मग ट्यूनिंग. इथे तुमच्या यंत्राचे आकडे वेगळे असतील, मी पद्धत दाखवण्यासाठी एक उदाहरण घेतो. मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह ४५ वरून ५० टक्क्यांवर नेला. २० सेकंद काहीच झालं नाही. मग तापमान चढायला लागलं, शेवटी ४ अंशांनी वाढून स्थिरावलं, आणि त्या वाढीचा ६३ टक्के भाग, म्हणजे अडीच अंश, चढायला सुरुवात झाल्यापासून ६० सेकंदांत पूर्ण झाला. मिळाले तीन आकडे: विलंब २० सेकंद, कालांक ६० सेकंद, प्रोसेस गेन ०.८ अंश प्रति टक्का. आता बंद लूप किती चपळ हवा ते तुम्ही ठरवायचं. विलंबाइतकाच, २० सेकंदांचा, धरला तर कंट्रोलर गेन येतो ६० भागिले (०.८ गुणिले ४०), म्हणजे साधारण १.९ टक्के प्रति अंश; ४० म्हणजे विलंबाचे २० अधिक बंद लूपचे २०. इंटिग्रल वेळ ६० सेकंद. मी स्वतः कारखान्यात पहिल्यांदा लावताना बंद लूपचा हा वेळ विलंबाच्या तिप्पट धरतो; मग गेन ०.९४ येतो, इंटिग्रल वेळ तीच. लूप थोडा सुस्त वाटतो, पण हीटरच्या नळ्यांवर थर साचून यंत्राचं वागणं बदललं तरी तो बिघडत नाही. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाच्या वेगाला उत्तर देणारा भाग, इथे शून्य ठेवा.

हेच आकडे कंट्रोलरमध्ये भरताना मोठा घोटाळा होतो, तो एककांचा. वरचा गेन टक्के प्रति अंश असा आहे. तुमचा पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक) तापमानालाही रेंजच्या टक्क्यांत मोजत असेल आणि ट्रान्समीटरची रेंज ० ते १५० असेल, तर १.९ च्या जागी २.८ भरावा लागेल. जुन्या कंट्रोलरला गेन नको असतो, प्रपोर्शनल बँड हवा असतो, तो १०० भागिले २.८, म्हणजे ३६ टक्के. इंटिग्रल कुठे सेकंदांत, कुठे मिनिटांत, तर कुठे ‘मिनिटाला किती वेळा’ असा मागतात. कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकेतलं ते एक पान वाचल्याशिवाय एकही आकडा टाकू नका. ‘पीआयडी चालत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या पोरांच्या कंट्रोलरमध्ये ६० मिनिटांचा इंटिग्रल भरलेला मी पाहिला आहे.

ऑटोट्यून का फसलं याचंही उत्तर आता देता येतं. बहुतेक कंट्रोलरमधलं ऑटोट्यून रिले पद्धतीवर चालतं, जी आस्ट्रॉम आणि हॅग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. ते मुद्दाम एक छोटा हेलकावा तयार करतं आणि त्याच्या उंचीवरून, वेगावरून गेन काढतं. व्हॉल्व्ह चिकटत असेल तर तो हेलकावा व्हॉल्व्हचा असतो, हीटरचा नसतो, आणि निघालेले आकडे कशाचेच नसतात. शिवाय काही कंट्रोलर अजूनही झीग्लर आणि निकोल्स यांचे १९४२ चे नियम वापरतात. त्यांचं ध्येयच असं होतं की प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या पाव उंचीची असावी. म्हणजे सगळं बरोबर जमलं तरी लूप दोन-तीन हेलकावे घेऊनच शांत होणार. क्लॅरिफायरच्या आधी मला तसा लूप नको.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच जाऊन बघाव्या लागतील. पहिली, सेन्सर कुठे आहे. तो हीटरपासून २० मीटर पुढे असेल आणि पाइपमध्ये रस सेकंदाला २ मीटरने वाहत असेल तर १० सेकंदांचा विलंब फुकट पदरात पडतो. थर्मोवेलच्या (सेन्सरच्या संरक्षक नळीच्या) तळाला आरटीडी (तापमानाचा सेन्सर) टेकलेला नसेल, मध्ये हवा असेल, तर मोजमाप आणखी सुस्त होतं. सेन्सर जवळ आणून मिळणारा फायदा कोणत्याही महागड्या अल्गोरिदमपेक्षा मोठा असतो.

दुसरी गोष्ट रसाच्या प्रवाहाची, आणि ती माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. हीटरच्या आधीच्या टाकीची पातळी ५० टक्क्यांवर काटेकोर ठेवण्यासाठी पातळीचा लूप कडक ट्यून केलेला असतो. पातळीची रेघ सरळ दिसते म्हणून सगळे खूश असतात. पण ऊस पिळणाऱ्या मिलकडून येणारा रस कधीच एकसारखा येत नाही. टाकीने तो चढउतार पोटात घ्यावा म्हणूनच ती बांधलेली असते. पातळी हलू दिली नाही तर तो सगळा चढउतार पंपातून पुढे जातो, आणि हीटर, चुन्याचं प्रमाण, पीएच, क्लॅरिफायर, बाष्पीकरण, सगळे त्याच्यामागे धावतात. त्या टाकीचा लूप सैल करा, पातळी ३५ ते ६५ टक्क्यांत फिरू द्या. एकही नवीन यंत्र न घेता पुढचे पाच लूप शांत होतात.

आणि मिल थांबते तेव्हा काय होतं तेही तपासा. रस थांबला, सेन्सरजवळचा रस थंड झाला, कंट्रोलर आउटपुट १०० टक्क्यांपर्यंत चढवत गेला, आणि रस परत सुरू झाला की तापमान एकदम वर. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की इंटिग्रल गोठवायचा आणि व्हॉल्व्ह ठरलेल्या जागी न्यायचा, एवढं लॉजिक त्यात हवंच.

आता फझी, एमपीसी, एआय. मी त्यांच्या विरोधात नाही. एमपीसी १९७० च्या दशकात तेलशुद्धीकरण उद्योगातून आलं, आणि जिथे पाच-सहा गोष्टी एकमेकींना ओढतात आणि प्रत्येकीला मर्यादा आहेत तिथे ते फार सुंदर काम करतं. साखर कारखान्यात मल्टिपल इफेक्ट इव्हापोरेटर (एका भांड्याच्या वाफेवर पुढचं भांडं तापवत रस आटवणारी रांग) ही त्याची योग्य जागा. पण एमपीसीसुद्धा शेवटी त्याच व्हॉल्व्हला आदेश देणार. यंत्राच्या स्वतःच्या मर्यादा कोणत्याच कंट्रोलरला ओलांडता येत नाहीत. २० सेकंदांचा विलंब असेल तर गडबड झाल्यावर पहिले २० सेकंद तुम्ही काहीही केलं तरी तापमानाला कळणार नाही.

अशा मर्यादेचं आणखी चांगलं उदाहरण तुमच्या कारखान्यातच आहे, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारा बॉयलर. टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधलं, म्हणजे पाण्यातून वाफ वेगळी होते त्या भांड्यातलं, पाणी खरं तर कमी व्हायला लागतं. पण दाब पडल्यामुळे पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. फक्त पातळी बघणारा कंट्रोलर अशा वेळी पाणी कमी करतो, म्हणजे नेमकं उलटं. म्हणून वाफेचा प्रवाह, पाण्याचा प्रवाह आणि पातळी असे तिन्ही सिग्नल घेऊन तिथे तीन घटकांचं नियंत्रण करतात. जलविद्युत केंद्रातही हाच स्वभाव दिसतो. १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पासारख्या ठिकाणी पाणी लांब बोगद्यातून येतं. टर्बाइनचं दार जास्त उघडलं की बोगद्यातल्या पाण्याला वेग घ्यायला वेळ लागतो, दाब घटतो, आणि शक्ती वाढण्याआधी क्षणभर कमी होते. टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने तिथे घाई केली तर ग्रिडची ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी धरून ठेवण्याऐवजी तोच झोके द्यायला लागेल. एकीकडे बगॅसचा बॉयलर, दुसरीकडे सह्याद्रीतला बोगदा, आणि दोघांनाही एकच शहाणपण लागतं: पहिल्या प्रतिक्रियेवर विश्वास ठेवू नका.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पीआयडीचं पहिलं नीट विश्लेषण निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये मांडलं ते जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्यासाठी. कारखान्यांत ते त्यानंतर आलं. तेव्हा वाहनाचं नियंत्रण आणि प्रोसेसचं नियंत्रण या दोन वेगळ्या विद्या आहेत असं समजायचं कारण नाही. गणित तेच. बदलतो तो वेग, मर्यादा, आणि चुकलं तर काय होतं हे.

ड्रोन घ्या. हीटरला मिनिटं लागतात, तर आर्डुपायलट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मल्टिकॉप्टरचा मुख्य लूप सेकंदाला ४०० वेळा फिरतो. रचना मात्र तुम्हाला ओळखीची वाटेल: सगळ्यात आत कोनीय वेगाचा लूप, त्याच्याबाहेर कलण्याचा, त्याच्याबाहेर वेगाचा, सगळ्यात बाहेर जागेचा. हे कॅस्केडच आहे, म्हणजे एकात एक बसवलेले लूप. आतला लूप बाहेरच्यापेक्षा चार-पाच पट चपळ हवा, हा नियम वाफेच्या फ्लो लूपला जसा लागू तसाच इथे. आणि चिकटलेल्या व्हॉल्व्हचा भाऊ इथेही भेटतो. तासगावच्या द्राक्षबागेतल्या तारेला घासलेला पंखा, हाताचा ढिला बोल्ट, मोटरचं झिजलेलं बेअरिंग, यांतून कंप सुरू होतो आणि जायरोत, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, शिरतो. डेरिव्हेटिव्ह त्या कंपाला मोठं करून मोटरला देतो, मोटर तापते. मग कोणीतरी फिल्टर जास्त कडक करतो. फिल्टर म्हणजे विलंब, विलंब वाढला की लूप डळमळतो, म्हणून गेन कमी करतात, आणि शेवटी ड्रोन वाऱ्यात भरकटतो. दुरुस्ती होती एका पंख्याची. म्हणून मी ट्यूनिंगला बसण्याआधी होव्हरमधला, म्हणजे एका जागी तरंगतानाचा, कंपाचा लॉग मागतो.

फवारणीच्या ड्रोनमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी साध्या ड्रोनमध्ये नसते. १० लिटरची टाकी रिकामी होत जाते तसं वजन १० किलोने उतरतं. भरलेल्या टाकीला साजेसा गेन रिकाम्या टाकीला तिखट पडतो, म्हणून दोन्ही टोकांना चाचणी हवी. अर्ध्या टाकीत द्रव हिंदकळतो आणि वळताना ड्रोनला ढकलतो. त्यावर उत्तर कोडमध्ये शोधण्यापेक्षा टाकीत आडव्या पट्ट्या असणं बरं. आणि टाकी भरलेली, बॅटरी उतरत आलेली, वारा सुटलेला, अशा वेळी मोटरकडे शिल्लक ताकदच नसते. तेव्हा फ्लाइट कंट्रोलर कलणं सांभाळण्याला प्राधान्य देतो आणि उंची सोडतो. आउटपुट १०० टक्क्यांवर गेलेल्या तुमच्या व्हॉल्व्हसारखीच ही अवस्था, फक्त इथे जमीन जवळ असते.

पवनचक्कीत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते बदलत्या गेनबद्दल. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर नैऋत्य मोसमी वारा जोरात असतो, जून ते सप्टेंबर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, सेकंदाला ६ मीटरचा वारा १२ झाला की शक्ती आठपट. रेटेड वेगाच्या, म्हणजे ज्या वाऱ्याला पवनचक्की पूर्ण शक्ती देते त्याच्या, खाली काम असतं शक्य तेवढी ऊर्जा घेण्याचं, पाती पूर्ण वाऱ्यावर ठेवून जनरेटरचा टॉर्क सांभाळायचा. रेटेडच्या वर काम उलटं होतं: पाती फिरवून जास्तीची ऊर्जा सोडून द्यायची. वारा जितका जास्त तितका पात्याच्या एका अंशाचा परिणाम मोठा, म्हणून १३ मीटरला बसणारा गेन २० मीटरला फार तिखट होतो. पिचच्या, म्हणजे पाती फिरवलेल्या, कोनाप्रमाणे गेन कमी करत न्यावा लागतो. नळ्यांवर थर साचलेल्या आणि नुकत्याच धुतलेल्या हीटरमध्ये हाच फरक असतो, फक्त तो आठवड्यांत घडतो आणि इथे काही सेकंदांत. शिवाय पिच लूपचा वेग टॉवरच्या स्वतःच्या डोलण्याच्या वेगाजवळ जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कंट्रोलरच टॉवरला हलवत राहतो.

सौरपंपाचं थोडक्यात सांगतो. वेग ८० टक्क्यांवर आला तर सेंट्रिफ्युगल पंपाची शक्ती जवळजवळ निम्मी होते, आणि उचलण्याची क्षमता ६४ टक्के. म्हणून खोल बोअरवर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीखाली मोटर फिरते पण पाणी येत नाही. ढग आला की पॅनेलची शक्ती घटते. ड्राइव्हने वेग पटकन उतरवला नाही तर व्होल्टेज कोसळतं आणि पंप ट्रिप होतो. म्हणून उतरताना चपळ आणि चढताना सावकाश, असा दोन दिशांना वेगळा स्वभाव मुद्दाम द्यायचा. शेतकऱ्यांच्या ‘ढगाळलं की पंप बंद पडतो’ या तक्रारीतल्या बऱ्याचशा एवढ्याने मिटतात.

यातल्या प्रत्येक ठिकाणी मी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतो आणि तुम्हीही विचारा: वीज गेली, हवा गेली किंवा सिग्नल तुटला तर हे कुठे जाऊन थांबेल? व्हेपरचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद व्हायला हवा. पवनचक्कीची पाती वाऱ्याला कड दाखवतील अशी फिरायला हवीत, आणि त्यासाठी ग्रिड नसतानाही शक्ती शिल्लक हवी. ड्रोनला हवेत फार वेळ थांबण्याची सोय नाही, त्याला परत यावं किंवा उतरावं लागतं, आणि उतरण्याची जागा आधी ठरलेली हवी. याचं उत्तर देता येत नसेल तर ट्यूनिंगला हात लावायचा नाही.

कोणतं क्षेत्र घ्यावं हे तुमच्या घरच्या, पैशाच्या, फिरण्याच्या तयारीवर अवलंबून आहे, ते मी ठरवू शकत नाही. ड्रोनकडे जायचं असेल तर फवारणीचे ड्रोन सहसा २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ वर्गात येतात आणि ते उडवायला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याने मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थेचं रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते आधी घ्या. पवनचक्कीला उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण. माझा कल विचाराल तर हा हंगाम कारखान्यातच काढा. चालू यंत्रावर स्टेप टेस्ट घ्यायची परवानगी असणं हे मोठं भाग्य आहे. सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या प्रयोगशाळेत व्हॉल्व्ह चिकटत नाही आणि रस थांबत नाही. गाळप संपून कारखाना दुरुस्तीला लागला की पठारावर वाऱ्याचा हंगाम सुरू होतो. ते जाऊन बघायला तुम्हाला वेळ मिळेल.

सळईची चाचणी झाली की ट्रेंड टाका. आउटपुट, तापमान, रसाचा प्रवाह आणि व्हेपरचा दाब, चारही एकाच आलेखावर, तासाभराचे. नोंद १ सेकंदाची हवी. स्काडात, म्हणजे कंट्रोल रूमच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकात, बहुधा मिनिटाची सरासरी साठवलेली असते, आणि त्यात त्रिकोणही दिसत नाही, पायऱ्याही दिसत नाहीत, म्हणून ती सेटिंग आधी बदलून घ्या.